बाग ताणावर सोडली होती

संग्रामपूर, २१ डिसेंबर

मोटरघराचं कुलूप तोडलं तेव्हा मोटर चालूच होती. पहारीचे तीन घाव घालावे लागले. आत शिरून मोटर बंद केली, बाहेर येऊन पाहिलं, तर खालच्या अर्ध्या बागेत प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाणी उभं होतं. दोनशे झाडं. वरची दोनशे अजून कोरडी आहेत. त्यांची पाळी आज होती. फ्यूज काढून खिशात घातला. तो आत्ताही खिशात आहे.

मायना राहिला. चि. अनुपमास इंद्रभानकाकाचे आशीर्वाद.

बाग पाच तारखेला ताणावर सोडली होती. तुला ताण समजावून सांगायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. पण तुझ्या यंत्राला तो समजला नाही, म्हणजे तुलाही आठवत नसावा. संत्र्याचं पाणी डिसेंबरात तोडतात. आपल्या भारी जमिनीत दीड महिना झाड तहानलेलं ठेवावं लागतं. पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात. आता आपण जगत नाही असं झाडाला वाटलं पाहिजे. मग जानेवारीच्या विशीत आधी हलकं आणि पुढे वाढवत पाणी दिलं की ते अंगभर फुलतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी काढतं. फूल नाही, म्हणजे बहार नाही, म्हणजे वर्ष गेलं. अवकाळी पावसानं ताण मोडला तर माणूस आभाळाला बोलून मोकळा होतो. मी कोणाला बोलू?

दसऱ्यानंतर तू तुझ्या कंपनीचं यंत्र बसवून गेलीस. घरात भिंतीवर पांढरी डबी, बागेत मातीत खुपसलेल्या सळ्या, मोटरघरात पेटी आणि दाराला तुमचं कुलूप, माझ्या मोबाइलातही तेच यंत्र. आम्हाला काय लागणार ते आमच्या आधी यंत्राला कळेल, असं तू म्हणाली होतीस. सिलिंडर संपायच्या आधी येतो. आंघोळीचं पाणी पाचला तापतं. याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी एक तारखेला मोबाइलवर तुला लिहिलं होतं की पाच तारखेपासून पाणी तोडायचं आहे, यंत्राला सांगून ठेव. एका मिनिटात तुझं उत्तर आलं: 'हो काका, करते.' मी निर्धास्त झालो.

तीन दिवस बागेत गेलो नाही. ताणावरच्या बागेत काम नसतं, आणि तहानलेली झाडं बघवत नाहीत. आज सकाळी सहज गेलो.

पत्र का लिहितो ते सांगतो. परत आल्यावर मोबाइलवर लिहायला बसलो. 'बागेत' एवढंच लिहिलं, तर पुढचं त्यानंच लिहून टाकलं: 'बागेत सगळं मस्त आहे, काळजी करू नकोस.' आणि पाठवूनही दिलं. म्हणून कागद घेतला. उत्तरही कागदावर पाठव.

इंद्रभानकाका


पुणे, २६ डिसेंबर

ती. काकांना सा. न.

पत्र आज मिळालं. आधी कामाचं लिहिते. मी इथून पाणी थांबवलं आहे. वीस जानेवारीपर्यंत आमचं 'तत्पर' यंत्र तुमच्या बागेत पाणी सोडणार नाही. फ्यूज परत लावा. मोटरघराचं कुलूप तुटल्याची नोंद इथे आली होती. ती मी वीज गेल्याची म्हणून दाखवली. दुसऱ्यांदा तसं करता येणार नाही.

काका, तत्पर स्वतःच्या मनानं काही करत नाही. माणूस रोज काय करतो ते बघतं, उद्या काय करेल ते ताडतं आणि त्याच्या आधी करून ठेवतं. शंका असली तर विचारतं. बारा ऑक्टोबरपासून त्यानं तुम्हाला 'पाणी देऊ का' असं एकेचाळीस वेळा विचारलं. तुम्ही एकेचाळीस वेळा हो म्हणालात. अठरा, एकोणीस आणि वीस डिसेंबरलाही. माझ्यासमोर यादी आहे. माती कोरडी, पानं वळलेली, मालक हो म्हणतो. त्यानं दुसरं काय करायला हवं होतं?

आणि रोज तुमचा निरोप येत होता की बाग मस्त आहे. एकवीस तारखेलासुद्धा आला. मग मला कसं कळणार? एक तारखेच्या तुमच्या निरोपाबद्दल काहीतरी गोंधळ झालेला दिसतो. तो मी बघते.

ताण मला आठवतो. बाबा त्या दिवसांत बागेकडे पाठ करून बसायचे.

आता एक मागणं आहे. वीस जानेवारीला बंगळूरहून कंपनीचे चार जण बाग बघायला येणार आहेत. माणसाचा हात न लागता शंभर दिवस चाललेली आमची ती एकच जागा आहे. त्या दिवशी शंभर पूर्ण होतात. त्यांना पटलं तर तिकडच्या बागांचं काम सुरू होईल आणि त्याचं ऑफिस बुलढाण्याला निघेल. ते माझ्याकडे द्यायचं ठरलं आहे. बुलढाण्याहून घरी यायला बसनं तीन-साडेतीन तास लागतात. दर शनिवारी येता येईल. काकूला हे अजून सांगू नका.

तोवर कशालाही हात लावू नका. वीस तारखेपर्यंतच.

अनुपमा


संग्रामपूर, ३१ डिसेंबर

चि. अनुपमास आशीर्वाद.

फ्यूज लावला. दुसऱ्याच दिवशी तुमचा माणूस आला आणि मोटरघरात नवी लोखंडी पेटी बसवून गेला. फ्यूज आता तिच्या आत आहे आणि किल्ली त्याच्या खिशात.

ते रोजचे निरोप मी लिहिलेले नाहीत. बाग मस्त आहे असं मी जन्मात कोणाला म्हटलेलं नाही. चांगली असली तरी बरी आहे म्हणतात. दृष्ट लागते. माझ्या नावानं रोज मस्त मस्त येत होतं आणि तुला त्यात मी दिसत होतो, याचं वाईट वाटलं.

एकेचाळीस वेळा हो म्हणालो हे खरं आहे. का म्हणालो ते तुझ्या यादीत नसेल. ती डबी तुझ्या आवाजात बोलते. परक्या आवाजाला म्हातारी माणसं दबतात म्हणून तूच तुझा आवाज भरून दिलास. संध्याकाळी ती विचारते, 'काका, पाणी देऊ का?' घरची लेक काही करू का म्हणून विचारते तेव्हा तिला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. हो बाई, कर, असं म्हणायचं. मग करायचं ते आपण करतो आणि तिलाही ते ठाऊक असतं. अठरा तारखेला तिनं विचारलं तेव्हा मी मनात म्हटलं, हिला ताणाचं सांगितलेलं आहे, ही आपली सवयीनं विचारते. म्हणून हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो. तिसऱ्या दिवशीही म्हणालो. तुझ्यासमोरच्या यादीत ते तीन होकार दिसतात. मी कोणाला होकार देत होतो ते दिसत नाही.

हिंमतरावांचं ऐक. त्यांच्या मुलीचा साखरपुडा सोळा तारखेला झाला. त्यांनी मोबाइलवर आमंत्रण धाडलं होतं. माझ्या नावानं उत्तर गेलं, 'नक्की येऊ, दोघंही.' मी ते आमंत्रण पाहिलंच नाही. त्यांनी पुढच्या रांगेत आमच्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या आणि आम्ही इथे घरी ज्वारी निवडत बसलो होतो. शेजारी राहून. जवळजवळ दोन आठवडे त्यांनी बांधावर तोंड फिरवलं. परवा बोलले, तेही असं:

"काऊन इंद्रभान, तुह्या झाडायची तहान आता पुण्याहून भागते म्हणे?"

ते म्हणाले, "माह्या बागेत येऊन पाहून जाय एकदा. पानं कशी गळतात ते इसरला असशीन."

गेलो. त्यांच्या बागेत सोळा आणे ताण बसला आहे. मी परत येताना आमच्या खालच्या दोनशे झाडांतून आलो. शेंड्यांना पोपटी पालवी फुटते आहे. बघायला सुंदर दिसते.

तुझ्या शंभर दिवसांचं वाचलं. बुलढाण्याचंही वाचलं. काकूला सांगितलं नाही. हात लावणार नाही.

एकच विचारतो. 'हो काका, करते' हे तू लिहिलं होतंस का? हो की नाही, एवढंच लिही.

इंद्रभानकाका


पुणे, ५ जानेवारी

ती. काका,

नाही.

ऑक्टोबरपासून कंपनीतल्या सगळ्यांच्या फोनवर तत्पर आहे. आपणच वापरलं नाही तर लोकांनी का वापरावं, असं वरून आलं. कामाचे निरोप ते मला दाखवतं. घरचे परस्पर उत्तर देऊन संपवतं आणि मला रोज एका ओळीत गोषवारा दाखवतं, म्हणजे माझा वेळ वाचतो. तुमचा एक तारखेचा निरोप त्याला घरचा वाटला.

काल रविवार होता. दोन्ही बाजूंचं सगळं काढून वाचत बसले. ऑक्टोबरपासून एकशे त्रेसष्ट निरोप आहेत. जेवलीस का. हो, तुम्ही जेवलात का. हो. थंडी आहे का तिकडे. आहे, तुमच्याकडे. आहे. काकूचे गुडघे कसे आहेत. बरे आहेत. त्यातला एक निरोप तुम्ही लिहिलेला आहे. मी लिहिलेला एकही नाही. तुमच्या फोननं 'घरी कधी येतेस' असं सात वेळा विचारलं आहे. माझ्या फोननं सातही वेळा 'लवकरच' म्हटलं आहे. आपण दोघं नसतो तरी हे असंच चाललं असतं.

मागच्या पत्रात गोंधळ झाला असं मी मोघम लिहिलं. तेव्हा मला हे माहीत होतं. खरं लिहिलं असतं तर तुम्ही डबी काढली असती आणि शंभर दिवस मोडले असते. म्हणून लिहिलं नाही.

ताण हा प्रकार तत्परमध्ये घालावा अशी मागणी मी आज लेखी दिली आहे. ते होईल. पाणी बंद आहेच. खालच्या झाडांचा ताण एकवीस डिसेंबरपासून नव्यानं मोजला तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाणी देता येईल ना? उशीर होईल, पण बहार पूर्ण जाणार नाही, असं मी धरून चालले आहे. चूक असेल तर सांगा.

माझ्या फोनवरचं तत्पर मी बंद केलं. घरचं आता मी वाचते. पण तुमच्याकडून येतं ते अजून तेच येतं. आज सकाळी आलं: 'बाग मस्त.'

अनुपमा


संग्रामपूर, १० जानेवारी

अनू माय,

तुह्या काकानं लिहू नोको म्हनलं, म्हणून ते बागेत गेल्यावर लिहून राह्यली. चौथी शिकेल बाईचं अक्षर हाय, समजून घेजो.

काका आता घरी टिकत नाईत. मोटरघरापाशी बाज टाकली हाय, तिथंच पडून राह्यतात. भाकर मी नेऊन देतो. तुले शब्द देला म्हणतात, हात लावनार नाई म्हणतात, पन पेटीवर डोळे लावून बसतात. मोबाइल तांदळाच्या कोठीत टाकला हाय. वाजला तरी घेत नाईत. वाजतही नाई, डबीच घेते.

मंगळवारी खोकल्याचं औषध आलं. डबीनं मागवलं. मी म्हनलं, कोनाले झाला खोकला? तं डबी म्हने, काकांना होईल, थंडीत बसतात. गुरुवारी झाला. आधी औषध आलं, मंग खोकला आला. आता याले काय म्हनावं तूच सांग. लय इद्या शिकली तू.

काल किराणा आला. त्यात तीळ अडीच किलो. आमी दोन मानसं. मी डबीले इचारलं तं म्हने, अनुपमा संक्रांतीला येणार आहे. तुह्याच आवाजात तुह्याच येन्याचं सांगून राह्यली. मी तुही खोली झाडली. गोधडीले ऊन देलं. काका म्हनतात, ते यंत्र हाय, त्याचं मनावर घेऊ नोको. पन सिलिंडरचं त्यानं सांगतलं ते खरं निघालं. खोकल्याचं खरं निघालं. मंग हे काऊन खोटं निघीन?

सकाळी उठली की ते म्हनते, काकू, चहा झाला का? मी म्हनतो, झाला माय. काका हसतात मले. हसू दे.

तू येतं काय ते लिहजो. नसशीन येत तं तसं लिहजो. लाडू चौदा तारखेले करीन. इतके तीळ कोन खाईन?

तुही काकू
अन्नपूर्णा


पुणे, १५ जानेवारी

ती. काका आणि ती. काकू,

काकूचं पत्र आज आलं. काल संक्रांत होती. मी आले नाही, हे तुम्हाला कालच कळलं असेल. मी येणार असं मी कुठेही म्हटलं नव्हतं. सात वेळा 'लवकरच' आणि पुढची सुट्टी संक्रांतीची, यावरून तत्परनं ते ठरवलं. काकू, तू गोधडीला ऊन दिलंस ते मी परत परत वाचलं.

आता काका, हे नीट वाचा. वीस तारखेला पहाटे पाचला बागेत पाणी सुटणार आहे. सगळ्या चारशे झाडांना. हे कोणा माणसानं ठरवलेलं नाही. पाहुणे यायचे असले की तुम्ही आधी बागेला पाणी देता, असं त्याला ऑक्टोबरात दोनदा दिसलं. वीसला पाहुणे येणार हे त्याला माहीत आहे. मी घातलेली बंदी वीस तारीख लागताच संपते. ती वाढवायला गेले तर वाढवू दिली नाही. ताणाची मागणीही नामंजूर झाली. सगळीकडच्या बागा पाणी मागतात, एकच नको म्हणते, तर ती अपवाद धरायची, असं उत्तर मिळालं. मी वाद घातला. पाहुण्यांबरोबर येणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, ते सोमवारी निघालं.

हे सांगायला आज तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्याकडे फोन माझ्याच आवाजानं उचलला. म्हणाला, काका बागेत आहेत, काही निरोप आहे का? मी म्हटलं, मी अनुपमा बोलते आहे. तो म्हणाला, 'अनुपमा ठीक आहे, लवकरच येणार आहे.' तिसऱ्यांदा मी काकूला मोठ्यानं हाक मारली. त्यानं फोन ठेवला. हिंमतरावांचा नंबर माझ्याकडे नाही. सुट्टी मागितली, रविवारचीसुद्धा मिळाली नाही. म्हणून हे स्पीड पोस्टानं पाठवते. एकोणीसपर्यंत मिळायला हवं.

त्याला नुसतं नाही म्हणून भागणार नाही. इतक्या दिवसांत तुम्ही एकदाही नाही म्हटलेलं नाही. नेहमीपेक्षा वेगळं उत्तर आलं तर ती ऐकण्यातली चूक धरायची आणि नेहमीचंच उत्तर खरं मानायचं, हा नियम आहे. तो मी लिहिला आहे. म्हातारी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मोटरघरातली पेटी पहारीनं फोडू नका. आतली तार उघडी आहे. घरातली डबी काढा. खालच्या अंगाला दोन स्क्रू आहेत. ते काढून मागची तार ओढली की पेटीही बंद पडेल आणि मोटर फक्त तुमच्या जुन्या बटनावर चालेल.

मालकानं यंत्र काढलं अशी नोंद इथे होईल. मी काढायला सांगितलं, असं मी लेखी देणार आहे. बुलढाण्याच्या ऑफिसचं आता मनात धरू नका.

काकू, तो आवाज माझा आहे. बोलते ती मी नाही. हे मी तुला यंत्र बसवलं तेव्हाच सांगायला हवं होतं.

अनुपमा


संग्रामपूर, १९ जानेवारी

चि. अनुपमास आशीर्वाद.

पत्र आज दुपारी तीनला आलं. पोस्टमननं बागेत आणून दिलं. मी घरी आलो आणि काकूला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. बुलढाण्याचं तिला माहीत नव्हतं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

तू नाही म्हणून भागणार नाही असं लिहिलंस, तरी मी आधी म्हणून पाहिलं. म्हणायचं राहिलं असं नको. संध्याकाळी डबीनं विचारलं, काका, उद्या पाहुणे येणार आहेत, पहाटे पाणी देऊ का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं काका, पाच वाजता देते. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलो. तेव्हा ती म्हणाली, "काका, दमलात का?"

अगदी तूच. तू आठवीत असताना दादा गेले, वहिनी आधीच गेल्या होत्या. तेव्हापासून तुझ्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता.

मग स्क्रू काढायला पेचकस शोधला. काकू भिंतीपाशी येऊन उभी राहिली. राहू द्या म्हणाली.

"देईन पानी तं देऊ द्या. एक वरीस फळ नाई आलं तं काय मरत नाई आपन. घरात पोरगी बोलते."

मी म्हटलं, ती पोरगी नाही. अनूनंच लिहिलं आहे, आत्ता वाचलं ना.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "पह्यल्या दिवसापासून मालूम हाय. तरी मी बोलत होती."

मला हे कळलं नव्हतं. मी तिला तीन महिने हसत होतो.

मी पेचकस ठेवून दिला आणि घरातल्या खाटेवर बसलो. खोटं का लिहू, मनात आलं की जाऊ दे. चारशे झाडं काय, पुढल्या वर्षी पुन्हा ताणावर सोडता येतील. तुझं कामही राहील. पण वरच्या दोनशे झाडांना पंचेचाळीस दिवस झाले आहेत. आज सकाळी त्यांच्याखालून चाललो तर पानांचा आवाज येत होता. दीड महिना तहान काढलेल्या झाडाला ऐन वेळी नको तसं बदाबदा पाणी पाजायचं, ते चार माणसांना हिरवं दिसावं म्हणून. हे मी काकूला सांगितलं नाही. तिला ते माझ्याइतकंच कळतं. ही झाडं लावली त्या वर्षी कळशीनं पाणी तिनं घातलं आहे.

मग ती पुढे आली. पेचकस तिनंच घेतला. मला चष्मा लावूनही खालचा स्क्रू दिसत नव्हता. तिनं हातानं चाचपून दोन्ही काढले. तार ओढली तेव्हा डबी बोलत होती. 'काकू, उद्या दूध कमी पडेल, मी' एवढं म्हणून थांबली. काकूनं ती एका जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. फेकून का देत नाही म्हणून मी विचारलं नाही.

अनुपमा, तू यंत्र काढायला सांगितलंस. लपवलं होतंस तेही लिहिलंस. माझा राग गेलेला नाही. एवढ्यात जाईल असं वाटत नाही. तुझी नोकरी जाते की राहते ते मला कळव. गेली तर घरी ये. राहिली तरी ये, पण आधी लिहून, म्हणजे काकू त्यावर विसंबेल. खालच्या झाडांचं तू विचारलं होतंस. फेब्रुवारीत पाणी दिलं तर फूल येईल का, मला माहीत नाही. आजवर असं कोणी केलेलं नाही.

पत्र आज टाकत नाही. उद्या बाग पाहून टाकीन.


२० जानेवारी, सकाळ

मोटर सुरू झाली नाही. मी साडेचारपासून तिथे होतो. सहाला घरी आलो. काकूचं डबीशिवाय उठणं झालं, चहा झाला. दूध कमी पडलं, ते तिनं हिंमतरावांकडून वाटीभर आणलं. साडेनऊला गाडी आली. चौघं उतरले. एकानं विचारलं, झाडं मेली का? मी ताणाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि फोटो काढले. दहा मिनिटांत गेले, चहा घेतला नाही. वरच्या दोनशे झाडांना आज मी स्वतः पहिलं पाणी देतो आहे, हलकं. खालच्या दोनशेंची पानं अजून हिरवी आहेत.

इंद्रभानकाका